झोंबणारा पाला

नमुना क्रमांक सतरा मी तीनदा यंत्रातून काढला. पहिल्यांदा वाटलं, सुई नीट धुतली गेली नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. तिसऱ्यांदा कागदावर तीच आकृती उमटली, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली, कपाटातून गेल्या चार वर्षांचे आलेख काढले आणि टेबलावर एकाखाली एक मांडले.

तेल रानओव्याचं होतं. स्वयंपाकघरातल्या ओव्याशी या झुडपाचं नातं फक्त वासापुरतं. वीतभर उंचीचं, खडकाला बिलगून वाढणारं. फुलांवर आलं की ते तोडतात, सावलीत वाळवतात आणि भट्टीत वाफेवर त्याचं तेल काढतात. त्या तेलात थायमॉल असतं. जंतू मारायचे आणि जिभेला झोंबायचं, ही दोन्ही कामं त्याचीच. चारही जुन्या आलेखांवर थायमॉलचं शिखर एखाद्या एकट्या सुळक्यासारखं उभं होतं. तेलाचा जवळजवळ निम्मा भाग तेच. या वर्षी ते एकवीस टक्क्यांवर आलं होतं. आणि एरवी तळाशी कुठेतरी पडून असणारं लिनलूल, फुलांसारख्या गोड वासाचं, अडतीसवर चढून बसलं होतं.

बाटली मलमवाल्याने आणून दिली होती. दोन खोल्यांत जखमेवरचं मलम बनवणारा, कमी बोलणारा माणूस. वर्षानुवर्षं तो एकाच भट्टीचं तेल घेतो.

"याचा वास छान आहे," तो म्हणाला होता. "मला छान वास नकोय. मलम लावलं की माणसाने हात झटकला पाहिजे."

"काय शोधायचंय नेमकं?"

"भट्टीवाल्याने यात काय ओतलंय ते. मी दुसरी भट्टी बघून ठेवली आहे, पण उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही मला. तुमच्या कागदावर दिसलं की झालं. मंगळवारी येतो."

त्याला हे ठाऊक नव्हतं की त्या भट्टीत जाणारा पाला माझी मावशी निवडते. मी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना तसं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आलेखाला नातं कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुला कळतं. म्हणून यातलंच थोडं तेल दुसऱ्या बाटलीत घालून शेजारच्या टेबलावर तपासून घे आणि मग लिही."

शेजारच्या टेबलावरूनही तेच आकडे आले.

भेसळ ओळखायची एक साधी रीत आहे. बाहेरून घातलेला पदार्थ एकटा येतो. झाडात तयार झालेला पदार्थ आपलं गणगोत घेऊन येतो. त्याच्या आगेमागे पाच-सात बारीक शिखरं असतात, ठरलेल्या प्रमाणात, घरच्या माणसांसारखी. कारखान्यातल्या लिनलूलबरोबर हे गणगोत नसतं, उलट भलतेच एकदोन पाहुणे असतात. मी शनिवारची सगळी सकाळ त्या बारीक शिखरांवर घालवली. गणगोत जागेवर होतं. पाहुणा एकही नव्हता.

म्हणजे भट्टीवाल्याने काही ओतलं नव्हतं. तेल अस्सल होतं, आणि तरी ते तेल नव्हतं.

दुपारी मी भट्टीवर गेले. निघायच्या गडबडीत निलगिरीच्या तेलाची कुपी हातातून सुटली आणि माझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजली. बदलायला दुसरं काही नव्हतं. बसमध्ये शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

भट्टी म्हणजे पत्र्याची शेड, एक तांब्याचं भांडं, एक नळी आणि गार पाण्याची टाकी. भट्टीवाले काका टाकीतलं पाणी बदलत होते. मला पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"सर्दी झालीय कुणाला तरी वाटतं," ते म्हणाले.

"सांडलं. काका, यंदाचा पाला कसा होता?"

"ताईंनी पास केलेला होता."

"ते माहीत आहे. तुम्हाला कसा वाटला?"

त्यांनी बादली खाली ठेवली. या भट्टीचा एक शिरस्ता आहे आणि तो मी लहानपणापासून पाहत आले आहे. तोडणाऱ्या बायका पाल्याचे भारे आणून शेडसमोर टाकतात. मावशी प्रत्येक भारा सोडते, मधोमध हात घालून मूठभर पाला चुरगळते आणि हुंगते. तिने मान हलवली की भारा आत. नाही हलवली की भारा परत, मग तोडणारी कितीही भांडो. भट्टी तिच्या मानेवर पेटते, असं काका गमतीने म्हणायचे. सगळे तिला नाकवाली म्हणतात, तिच्या तोंडावरही.

"पानं मोठी होती," काका शेवटी म्हणाले. "देखणी. वाळल्यावरसुद्धा हिरवीगार. तेल कमी सुटलं. दहा किलोला एरवी दीडशे मिली निघतं, ते ऐंशीवर थांबलं. आणि वास गोड आला. मला खटकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? त्या नाकापुढे मी काय तोंड उघडणार? म्हटलं, ताईंना काहीतरी कळत असेल जे मला कळत नाही. तीस वर्षं त्यांचं चुकलं नाही. मलमवाले माझ्यावर रागावलेत का?"

"मंगळवारी कळेल," मी म्हणाले. त्यांनी त्यातून काय ते ओळखलं आणि बादली पुन्हा उचलली.

मावशीचं घर तिथून दहा मिनिटांवर. तिच्या उंबऱ्यावरही एक शिरस्ता आहे, फक्त माझ्यापुरता. मी प्रयोगशाळेत लागल्यापासून ती दार उघडते, मला आत येऊ देत नाही, आधी दोन श्वास घेते आणि आज मी काय हाताळलं ते सांगते. "लवंग. आणि त्याआधी काहीतरी लिंबासारखं. जा, हात धू." तेरा वर्षांत दोनदाच चुकली असेल, आणि त्यातल्या एकदा मीच बाटलीवरची चिठ्ठी चुकीची वाचली होती.

त्या दिवशी तिने दार उघडलं, हसली आणि म्हणाली, "ये. बारीक झालीस."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. निलगिरीने माझे स्वतःचे डोळे चुरचुरत होते.

"ये ना आत. पाहुण्यासारखी काय उभी राहतेस?"

मी आत गेले. तिने चहा टाकला. मी ओल्या बाहीचा हात तिच्या अगदी जवळून नेऊन कपाटातून कप काढले. ती साखर शोधत होती.

"मावशी, तुला वास कधीपासून येत नाही?"

डब्याचं झाकण तिच्या हातात होतं. ते तिने नीट बसवलं, डबा जागेवर ठेवला, गॅस बारीक केला.

"कोण म्हणालं?"

"माझी बाही."

तिने माझ्या बाहीकडे पाहिलं, मग ती हातात धरून नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. एखाद्याने दाराला कान लावून बसावं तशी.

"काय आहे?"

"निलगिरी. अख्खी कुपी."

"गार लागतंय," ती म्हणाली. "आत कुठेतरी गार लागतंय. वास नाही." तिने बाही सोडली. "थंडीत ताप आला होता ना मला, तेव्हापासून. वाटलं, चार दिवसांत येईल. मग वाटलं, महिन्यात येईल. मग पाला तोडायची वेळ आली."

"मग तू भारे कसे निवडलेस?"

"हुंगल्यासारखं केलं आणि डोळ्यांनी निवडले. जो भरघोस दिसला तो घेतला, जो रोडका दिसला तो परत केला." ती थोडी हसली, पण ते हसू तिला जमलं नाही. "तोडणाऱ्या पोरी हुशार. दोन दिवसांत त्यांनी ओळखलं की यंदा मावशीला मोठं पान आवडतं. मग कशाला कोण वर खडकांत चढतंय? ओढ्याकाठी पाहिजे तेवढं आहे."

मला आता सगळा आलेख समजला. रानओव्याचं झुडूप दिसायला सगळीकडे एकच, पण आतून एक नाही. वरच्या उतारावर माती बोटभर, दगड तापलेले, पाणी नाही. तिथे थायमॉल करणारी झुडपं तगतात. पानं लहान, कडा आत वळलेल्या, आणि पानावर तेलाचे बारीक ठिपके दाटीवाटीने. खाली ओढ्याकाठी माती खोल, सावली, ओल. तिथे लिनलूल करणाऱ्यांची वस्ती. त्यांना जगायला त्रास कमी, म्हणून पान मोठं आणि तेल थोडं. हे मी पुस्तकात शिकले होते. मावशी ते नाकाने शिकली होती आणि तिने तोडणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: डोळ्यांवर जाऊ नका, देखणं झुडूप आळशी असतं.

"भट्टीवाल्या काकांवर भेसळीचा आळ येतोय," मी म्हणाले.

चहा वर आला. तिने गॅस बंद केला, पण कप भरले नाहीत.

"तू लिहिणारेस ना तो कागद?"

"हो."

"मग लिही की यंदा हवा वेगळी होती. पाऊस मागेपुढे झाला. हवेने तेल बदलतं, हे तूच सांगितलंस मला. खोटं थोडंच आहे?"

हवेने तेल बदलतं हे खोटं नव्हतं, हीच अडचण होती. असं वाक्य लिहिलं असतं तर कुणीच प्रश्न विचारला नसता. भट्टीवाले सुटले असते, मावशी सुटली असती, आणि प्रमुख बाईंनी सही केली असती. मी आदल्या संध्याकाळी पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदी पाहिल्या नसत्या तर कदाचित मीही त्यावर विश्वास ठेवला असता.

"यंदाची हवा गेल्या वर्षीसारखीच होती, मावशी. मी नोंदी पाहिल्यात. आणि पुढच्या वर्षी काय लिहू?"

"पुढच्या वर्षी नाक परत येईल."

"नाही आलं तर?"

ती खुर्चीवर बसली. "नाही आलं तर मी कोण ते सांग. उद्या भट्टीसमोर उभी राहिले तर काय म्हणतील? नाकवाली म्हणणार नाहीत. गुडघे दुखणारी एक म्हातारी म्हणतील, आणि चहा देऊन घरी पाठवतील. मला चहा नकोय त्यांचा."

दोघींचा चहा भांड्यातच गार झाला.

रविवारी सकाळी मी तिला डोंगरावर घेऊन गेले. खरं तर ती मला घेऊन गेली. मी पिशवीत कागदी पाकिटं, मातीचा ओलावा मोजायचं उपकरण आणि थर्मामीटर घेऊन मागून धापा टाकत होते. माझा बेत साधा होता. खडक, उतार, ऊन, पानाचा आकार, हे सगळं लिहून काढायचं. डोळ्यांनीच निवडायचं तर निदान योग्य गोष्टी पाहून निवडता येईल. मी तिला तसं समजावत होते, आणि ती ऐकल्यासारखं करत होती.

वरच्या उतारावर ती खाली बसली. तिने एका रोडक्या झुडपाचा शेंडा खुडला, सवयीने चुरगळला, सवयीने नाकाशी नेला आणि मग चिडून तोंडात टाकला.

"खालच्या झुडपांमध्येही कधीकधी चांगलं सापडतं," ती चावत म्हणाली. "आणि वरही गोड निघतं एखादं. तुझा थर्मामीटर सांगेल तेवढं मलाही..." ती थांबली. तिने जीभ टाळूला लावली. "हा चावतोय."

"काय?"

"पाला चावतोय. जिभेला. वास काही नाही, चव काही नाही, कागद चावल्यासारखं आहे. पण झोंबतंय."

मी हातातलं उपकरण खाली ठेवलं. मला स्वतःचा राग आला, कारण आदल्या दिवशी बाही हुंगून ती "गार लागतंय" म्हणाली होती आणि मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं. वासाची नस वेगळी. गारवा, झोंबणं, मिरचीची आग, हे मेंदूकडे नेणारी नस वेगळी. तापाने तिची एक नस नेली होती. दुसरी शाबूत होती. आणि थायमॉल झोंबतं. लिनलूल तसं झोंबत नाही.

हे मी तिला जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्या कमी शब्दांत सांगितलं.

"म्हणजे घराला दोन दारं होती," ती म्हणाली.

"असं म्हण."

"मग घे परीक्षा. आत्ताच घे. सोप्या सोप्या देऊ नको."

मी तिला पाठमोरी बसवलं आणि बारा झुडपांचे शेंडे आणले; काही खडकांतले, काही ओढ्याकाठचे, दोन मुद्दाम मधल्या पट्ट्यातले, ज्यांच्याबद्दल मलाही काही सांगता आलं नसतं. प्रत्येकाचा अर्धा भाग क्रमांक घातलेल्या पाकिटात गेला. उरलेला मी तिच्या हातावर ठेवत गेले. ती डोळे मिटून चावायची, थुंकायची आणि एकच शब्द बोलायची. चावतो. नाही. नाही. चावतो. मध्ये एकदा म्हणाली, "हा चावत नाही, चाटतोय. लिही, नाही." मी तिचे शब्द लिहून घेत गेले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, जरी ती पाठमोरी होती.

सोमवारी दिवसभर मी बारा पाकिटांतली पानं द्रावकात भिजवून एकेक करून यंत्रात सोडली. संध्याकाळी तिला फोन केला.

"बारापैकी दहा बरोबर," मी म्हणाले. "मधल्या पट्ट्यातली दोन्हीसुद्धा."

"दहाचं कौतुक नंतर कर. दोन का चुकले?"

"शेवटचे दोन. अकरावा आणि बारावा. दोन्ही चांगले झोंबणारे होते आणि तू नाही म्हणालीस."

 फोनमधून तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"जीभ बधिर झाली होती," ती म्हणाली. "मला कळत होतं. पण तुझ्यापुढे कबूल करायला लाज वाटली."

"थायमॉलने जीभ बधिर होतेच. ती नियमाने बधिर होते, म्हणून आपल्याला नियम करता येईल. किती झुडपांनंतर थांबायचं आणि किती वेळ, हे मोजता येईल."

"मोज," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या किती वाजता येणारेत ते मलमवाले?"

मंगळवारी मलमवाल्याच्या आधी ती हजर होती. बरोबर भट्टीवाले काका. त्यांना तिने वाटेत सगळं सांगितलं असणार, कारण ते तिच्याकडे न बघता पुन्हा पुन्हा टोपी फिरवत होते. आमच्या खोलीत तीनच खुर्च्या. काका उभे राहिले.

मलमवाल्याने माझा अहवाल वाचला. तीन ओळी होत्या. भेसळ आढळली नाही. तेलातले घटक ओलसर, सखल जागेत वाढलेल्या झुडपांशी जुळतात. पूर्वीच्या नमुन्यांतले घटक कोरड्या, खडकाळ उताराशी जुळतात.

"म्हणजे पाला चुकीच्या जागेचा," तो म्हणाला. "पण पाला तर तपासून घेतात ना हे लोक? ती कोण बाई आहे त्यांची, नाकवाली..."

"मी," मावशी म्हणाली. "मला थंडीपासून वास येत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. भारे मी पास केले आणि यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्ही रागवायचं असेल तर इकडे तोंड करा."

मलमवाला रागावला नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. त्याने अहवालाची घडी घातली आणि हळूच विचारलं, "मग आता पाला निवडणार कोण?"

मी बारा ओळींचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. एका रकान्यात तिचा शब्द, दुसऱ्यात यंत्राचा आकडा. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेवटच्या दोन ओळींवर थांबला.

"ते मी सांगते," मावशी म्हणाली. "सलग खाल्लं की जीभ झोपते. झोंबणारे पाच झाले की थांबायला हवं."

"पाच हे अजून सिद्ध झालेलं नाही," मी म्हणाले.

"सहा म्हणाले असते तर सिद्ध झालं असतं का?"

काका पहिल्यांदाच हसले. मग टोपी फिरवायची थांबवून म्हणाले, "ताई, एक विचारू? भारा आला की तुम्ही चावून बघा. पण मीही हुंगतो. मला खटकलं तर मी बोलणार. चालेल?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, तीस वर्षांत तिच्या मानेवर कुणी दुसरं मत दिलं नव्हतं.

"आधीच बोलायला हवं होतंत," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले.

मलमवाला एवढंच म्हणाला की पाऊस संपल्यावर वरच्या उतारावर दुसरी तोडणी होते, तेव्हाची एक बाटली तो पाहील; तोवर दुसऱ्या भट्टीला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. या बाटलीचं तेल त्याने साबणवाल्याला द्यायचं ठरवलं. त्याला छान वास हवाच असतो.

दुसऱ्या तोडणीच्या वेळी मी दोन दिवस रजा काढून घड्याळ घेऊन उतारावर बसले. आकडा पाच नाही, चार निघाला. चार झोंबणारे शेंडे आणि मग वीस मिनिटं विश्रांती. तेवढा वेळ मावशी दगडावर बसून राहते. बोललं की जीभ जागी व्हायला वेळ लागतो, असं तिचं म्हणणं आहे. त्याला शास्त्रीय आधार मला सापडलेला नाही, पण तिला वीस मिनिटं गप्प बसवणारं दुसरं काही आजवर सापडलेलं नव्हतं, म्हणून मी वाद घालत नाही. तोडणाऱ्या मुली पुन्हा वर चढू लागल्यात. कुरकुरत, पण चढतात. त्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर क्रमांक एकतीस म्हणून आली. थायमॉल चव्वेचाळीस टक्के. मलमवाल्याने झाकण उघडलं, मनगटाला एक थेंब लावला, हात झटकला आणि बाटली खिशात टाकली.

नाक काही परत आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही. मावशी त्यावर बोलत नाही.

परवा मी तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं आणि दाराच्या चौकटीला हात लावून माझी वाट अडवली, पूर्वीसारखी.

"आज काय हाताळलंस?" तिने विचारलं.

"लवंग. त्याआधी गवती चहाचं तेल."

ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. एखादा जुना पत्ता आठवावा तशी. मग तिने चौकटीवरचा हात काढला.

"जा," ती म्हणाली. "हात धू."